वरच्या डाव्या कोपऱ्यातल्या गोळ्या

तक्त्यावरची शेवटची ओळ त्यानं न अडखळता वाचली. आधी उजव्या डोळ्यानं, मग डाव्यानं. मी त्याच्या नाकावरची ट्रायल फ्रेम काढली. नंबर काढताना भिंगं बदलत जातो ती जड, गोल फ्रेम. म्हणाले, "नंबर नाही तुम्हाला. चष्मा लागणार नाही."

हे ऐकून माणसं एरवी खूश होतात. हा झाला नाही.

"मग मला गोळ्या का दिसत नाहीत, मॅडम?"

"कसल्या गोळ्या? बीपीच्या?"

"नाही हो. गेममधल्या."

शेजारच्या स्टुलावर बसलेल्या त्याच्या बायकोनं कपाळाला हात लावला. "येताना सांगत होते यांना, मॅडमसमोर गेमचं काढू नका म्हणून."

मी ऑप्टोमेट्रिस्ट आहे. म्हणजे डोळ्यांची डॉक्टर नव्हे. पेशंट आला की आधी माझ्याकडं येतो. मी नंबर काढते, डोळ्यांचं प्रेशर बघते, मशीनवरच्या तपासण्या करते. मग तो आत डॉक्टरांकडं जातो. सोलापुरात, नवी पेठेच्या मागच्या गल्लीत, पहिल्या मजल्यावर आमचं क्लिनिक आहे. डॉ. बिराजदार माझे सर. त्यांच्याकडं मी पहिल्यापासून आहे. इतक्या वर्षांत माणसांनी काय काय दिसत नाही म्हणून सांगितलं त्याला मोजदाद नाही. सुईचं भोक दिसत नाही, बसची पाटी दिसत नाही, सुनेनं काय स्वयंपाक केलाय ते दिसत नाही. गेममधल्या गोळ्या दिसत नाहीत म्हणणारा हा पहिलाच.

नाव श्रीनिवास कोडम. राहणार शहराच्या पूर्व भागात. टॉवेलच्या कारखान्यात कॉम्प्युटरवर डिझाइन करायचं काम. वय चाळिशीच्या आत. बायकोचं नाव लावण्या. त्यानं पाठीवरची सॅक पुढं घेतली आणि लॅपटॉप काढला. बाहेर बाकं भरलेली होती. मी म्हणाले, "दोन मिनिटांत सांगा."

दोन मिनिटांत त्याला ते जमलं नाही, पण समजलं ते असं.

कॉलेजात असताना एका व्हिडिओ गेमच्या दुकानात तो एक परदेशी गेम खेळायचा. पडद्याच्या तळाशी आपलं छोटं विमान. वरून शत्रू गोळ्या सोडतो. एक-दोन नाही, शेकड्यानं. गोळ्यांची चक्रं, पंखे, माळा खाली सरकत येतात आणि त्यांच्यामधल्या बोटभर फटीतून आपलं विमान न्यायचं. मारायचं कमी, वाचायचं जास्त. खेळणारे याला 'बुलेट हेल' म्हणतात, गोळ्यांचा नरक. त्या गेमचा पुढचा भाग कंपनीनं कधी काढलाच नाही. म्हणून यानं घरी बसून काढला. विमान तसंच ठेवलं, गोळ्यांच्या नक्षी सगळ्या स्वतःच्या. नाव ठेवलं 'भुईचक्र'. फुकटात इंटरनेटवर टाकला आणि नोकरी, लग्न, मुलगी यांत विसरून गेला.

"आता इतक्या वर्षांनी एकाचा मेल आला, मॅडम. म्हणाला, आम्ही अजून खेळतो तुमचा गेम. असे चाहत्यांनी बनवलेले जुने गेम घेऊन आम्ही ऑनलाइन कार्यक्रम करतोय. तुम्ही स्वतः खेळून दाखवाल का? मी हो म्हणालो. शेवटची पातळी मला पाठ होती. झोपेत खेळलो असतो. प्रत्येक गोळी मीच बसवलीय की."

"मग?"

"मरतोय. सारखा एकाच ठिकाणी. आकाश मोकळं दिसतं म्हणून मी डावीकडं सरकतो, आणि गोळी एकदम विमानाच्या शेजारीच उगवते. वरून येताना दिसतच नाही."

आधी त्याला वाटलं, जुना गेम नव्या विंडोजवर नीट चालत नसेल. त्यानं कोड उघडून तपासला. गोळी बरोबर वेळेला, बरोबर जागेवरून सुटत होती. मग वाटलं, स्क्रीन गेली. लॅपटॉप दुरुस्तीवाल्यानं सांगितलं, स्क्रीनला काही झालेलं नाही. मग ऑफिसच्या मोठ्या मॉनिटरवर लावून बघितला. तिथंही तेच. शेवटी त्यानं आपला खेळ रेकॉर्ड करून त्या चाहत्यांच्या पानावर टाकला आणि विचारलं, तुमच्याकडं असं होतं का?

"काय म्हणाले?"

त्याच्याआधी लावण्या बोलली. "हसले. एकानं लिहिलं, गोळी समोरून येतीय आणि हा मुद्दाम तिच्यात जाऊन शिरतोय. आमची फिरकी घेतोय का म्हणून."

"मी ते रेकॉर्डिंग परत बघितलं," तो म्हणाला. आता त्याचा आवाज उतरला होता. "त्यात गोळ्या आहेत, मॅडम. सगळ्या आहेत. नारिंगी रंगाच्या, ठळक. खेळताना मला त्या दिसल्या नव्हत्या."

बाहेरून सरांचा आवाज आला. "सुजाता, किती वेळ? इकडं रांग लागलीय."

"पाच मिनिटं, सर."

मी श्रीनिवासला म्हणाले, "खेळून दाखवा."

खरं सांगायचं तर उत्सुकता म्हणून म्हणाले. मला वाटलं, वय वाढलं की हात मंदावतात, तसं काहीतरी असेल. मी त्याच्या मागं उभी राहिले. पडदा काळा, त्यावर बारीक चांदण्या. त्यानं दोन बोटं बटणांवर ठेवली आणि खेळायला लागला. हात अजिबात मंद नव्हते. उजवीकडून येणाऱ्या गोळ्यांच्या जाळीतून विमान सुईतल्या दोऱ्यासारखं काढत होता. नजर तळाशी, विमानावर खिळलेली. हे खेळणारे म्हणे असंच करतात. वर बघत बसत नाहीत.

मग वरच्या डाव्या कोपऱ्यातून नारिंगी गोळ्यांचा पंखा उघडला. चांगला रुंद. माझ्यासारख्या कधी गेम न खेळलेल्या बाईलाही लांबून दिसला. लावण्या पुटपुटली, "अदिगो, अदिगो." ते बघा, ते बघा, असं तेलुगूत. श्रीनिवासनं विमान डावीकडं घेतलं. सरळ त्या पंख्यात. फटाका फुटल्यासारखा आवाज झाला.

विमान फुटलं याचा मला धक्का बसला नाही. धक्का बसला तो त्याचा चेहरा बघून. एखादी वस्तू अंगावर येताना दिसली की माणूस कसलाही असो, पापणी लवते, मान मागं जाते, श्वास अडकतो. याचं काहीच हललं नाही. त्याच्या दृष्टीनं तिथं काही नव्हतंच.

"परत," मी म्हणाले. परत तेच. तिसऱ्यांदाही तेच. उजवीकडून तसाच पंखा आला तेव्हा त्यानं तो सहज चुकवला.

मी लॅपटॉप मिटला. तेव्हा पहिल्यांदा त्याच्या कपाळाकडं नीट लक्ष गेलं. डाव्या भुवईच्या वर एक जुना व्रण आणि त्याला लागून ताजं खरचटलेलं.

"हे काय लागलं?"

"कपाटाचं दार. उघडं राहतं."

"दार कसलं उघडं राहतं," लावण्या म्हणाली. "हेच जाऊन आपटतात. मागं दुकानाच्या अर्ध्या शटरला आपटले. त्याआधी बाल्कनीतल्या कुंडीला. लक्ष नसतं."

मी खुर्ची ओढून त्याच्यासमोर बसले. गुडघ्याला गुडघा लागेल इतकी जवळ. या तपासणीला मशीन लागत नाही, दोन हात पुरतात. पेशंटनं एक डोळा झाकायचा आणि आपल्या नाकाकडं बघत राहायचं. आपण चार कोपऱ्यांत आळीपाळीनं बोटं धरायची आणि विचारायचं, किती. समोर बघतानाही कडेचं किती दिसतं ते यातून कळतं. भिंतीवरच्या तक्त्यावरून ते कळत नाही. तक्ता फक्त बरोबर मधलं विचारतो.

"माझ्या नाकाकडं बघा. इकडं तिकडं नाही. किती बोटं?"

उजवीकडं वर. "दोन."

उजवीकडं खाली. "एक."

डावीकडं खाली. "दोन."

त्याच्या डाव्या बाजूला, वर, मी दोन बोटं धरली.

"किती?"

"दाखवा की."

मी बोटं हलवली. अख्खा पंजा हलवला. लावण्या माझ्या हाताकडं बघत होती, मग नवऱ्याकडं, मग परत माझ्या हाताकडं.

"मॅडम, दाखवा ना," तो म्हणाला.

दुसरा डोळा. तोच कोपरा, तेच उत्तर. मी पंजा तसाच हलवत हळूहळू खाली आणत गेले. नाकाच्या पातळीला आला तेव्हा तो दचकला. "अरे! हात कुठनं आला?"

लावण्यानं तोंडावर पदर दाबला.

एक डोळा अधू असता तर मी इतकी हबकले नसते. दोन्ही डोळ्यांचा तोच एक कोपरा जातो तेव्हा बिघाड डोळ्यांत नसतो. दोन्ही डोळ्यांच्या नसा मागं जाऊन एकत्र येतात आणि तिथं त्यांची वाटणी होते. डाव्या बाजूचं सगळं चित्र, मग ते कुठल्याही डोळ्यानं बघितलेलं असो, मेंदूच्या उजव्या भागाकडं जातं. एका खोलीतला दिवा गेला तर बल्ब तपासतात. दोन खोल्यांतला एकदम गेला तर वायर तपासावी लागते. ही वायर मेंदूतून जाते.

मी सरांच्या खोलीत गेले. ते कुणाला तरी थेंब कसे घालायचे ते समजावत होते.

"सर, जरा तिकडं या."

"काय?"

"डाव्या बाजूचा वरचा चतकोर गेलाय. दोन्ही डोळ्यांचा."

"वय?"

"चाळीसही नाही."

"चष्म्याला आलेला ना तो? लक्ष नसेल त्याचं. डोकं मोबाइलमध्ये असेल."

"सर, तुम्ही या."

सर आले. अक्कलकोटकडचे असल्यामुळं चकित झाले की त्यांच्या तोंडून कन्नड निघतं. त्यांनी लाल टोपीची टाचणी घेऊन स्वतः तपासलं. टाचणी कोपऱ्यातून खाली आणली, परत नेली, परत आणली. शेवटी पुटपुटले, "अय्यो देवरे." मग माझ्याकडं न बघताच म्हणाले, "फील्ड टेस्ट लाव. आत्ता."

फील्ड टेस्टचं मशीन म्हणजे मोठा पांढरा वाडगा. पेशंटनं त्यात तोंड घालून, हनुवटी टेकवून मधल्या दिव्याकडं बघायचं. वाडग्यात कुठंही बारीक उजेड चमकला की हातातलं बटण दाबायचं. श्रीनिवास जरा हसला. "हा पण गेमच की."

मी बाजूच्या स्क्रीनवर बघत उभी होते. मशीन पहिल्यांदा मंद उजेड टाकतं. पेशंटनं बटण दाबलं नाही की थोड्या वेळानं त्याच जागी जास्त प्रखर टाकतं. तरी नाही दाबलं की त्याहून प्रखर. वरच्या डाव्या भागात ते उजेड वाढवत वाढवत शेवटच्या टोकाला गेलं. गाडीचा हेडलाइट डोळ्यांवर यावा इतकं. बटण वाजलं नाही. एका जागी नाही, त्या चतकोरातल्या सगळ्या जागी. बाकीच्या तीन भागांत मात्र तो टकाटक दाबत होता. दोन्ही डोळ्यांचं झालं. त्यानं वाडग्यातून डोकं बाहेर काढलं.

"सोपं होतं," तो म्हणाला. "एकही लाइट सोडली नाही."

मला तोंड दुसरीकडं फिरवावं लागलं.

प्रिंट बाहेर आली. दोन वर्तुळं, दोन्हींचा तोच चतकोर काळा. सरांनी ती त्याच्यासमोर टेबलावर ठेवली आणि काय आहे ते सांगितलं. त्यानं काळ्या चतकोरावर बोट ठेवलं.

"पण मला तिथं काळं दिसत नाही, सर. आत्ता पण नाही. भिंत दिसतीय. गेममध्ये चांदण्या दिसतात."

"मेंदू मोकळी जागा ठेवत नाही," सर म्हणाले. "आजूबाजूला जे असेल तेच तिथं भरतो. भिंत असली की भिंत. आकाश असलं की आकाश. डोळे फिरवून थेट तिकडं बघितलं की खरं दिसतं, म्हणून तुम्हाला पत्ता लागला नाही. गेममध्ये तुम्ही नजर एका जागी रोवून बसता, म्हणून तिथं सापडलं."

"म्हणजे मला जे दिसतंय त्यातलं खरं कुठलं आणि भरलेलं कुठलं, ते मला कळणारच नाही?"

सरांनी दुसरंच विचारलं. "तुम्हाला मधेच कसला वास येतो का? इतर कुणाला येत नाही असा?"

श्रीनिवास म्हणाला, "नाही." लावण्यानं स्टुलावरून उठल्यासारखं केलं. "येतो! जळका वास. मधनं मधनं येतो आणि मला विचारतात, काय करपलं? गॅस बंद असतो तेव्हा सुद्धा विचारतात. मला वाटायचं, माझ्या स्वयंपाकाला नावं ठेवतात. चार दिवसांपूर्वी याच्यावरनं भांडण झालं आमचं."

"वास येतो तेव्हा काय होतं?"

"थोडा वेळ टक लावून बसतात. हाक मारली तर ओ देत नाहीत. मग नीट होतात."

श्रीनिवास बायकोकडं बघत होता. टक लावून बसल्याचं त्याला आठवतच नव्हतं. त्याला वाटत होतं, कारखान्यातल्या रंगाचा वास कपड्यांना लागून घरी येतो. सरांनी मला हळूच सांगितलं, मेंदूच्या कानाजवळच्या भागाला काही टोचत असलं की असे खोटे वास येतात, आणि डोळ्यांची ही वायर तिथूनच जाते. हे एक प्रकारचे झटकेच असतात. माणूस खाली पडत नाही म्हणून कुणाला झटका वाटत नाही.

मग सरांनी विचारलं, "इथपर्यंत आलात कसे?"

"गाडीवर."

"चालवत कोण होतं?"

"मीच."

"किल्ली द्या."

श्रीनिवासला वाटलं, सर गंमत करतायत. "सर, खाली रस्त्यावर लावलीय. उचलून नेतील."

"भावाला, मित्राला कुणालाही पाठवून न्या. तुम्ही चालवायची नाही. सिग्नल कुठं असतो? डावीकडं, वर. किती सिग्नल तोडलेत अलीकडं?"

त्यानं परत त्या कागदाकडं बघितलं. मग म्हणाला, "लोक हॉर्न मारायचे. मला वाटायचं, मी हळू चालवतो म्हणून मारतायत."

लावण्यानं त्याच्या शर्टाच्या खिशात हात घालून किल्ली काढली आणि टेबलावर ठेवली. "सकाळी पोरीला शाळेत हेच सोडतात," ती म्हणाली. "आज पण सोडलं. पुढं बसवून."

खालून रिक्षांचे हॉर्न ऐकू येत होते.

सरांनी थेंब घालून डोळ्यांचा पडदा तपासला. पडदा चांगला होता, पण नस डोळ्यात शिरते तिथं किंचित सूज होती. आत दाब वाढतोय, असा त्याचा अर्थ. सरांनी एमआरआयची चिठ्ठी लिहिली आणि आजच करा म्हणून सांगितलं.

तेव्हा श्रीनिवास हट्टाला पेटला. "रविवारी कार्यक्रम आहे, सर. परदेशातली माणसं बघणार आहेत. तेवढं होऊ दे. सोमवारी करतो."

"अहो, तुम्हाला कळतंय का काय म्हणतायत हे?" लावण्या म्हणाली.

"एवढ्या वर्षांनी कुणीतरी विचारलंय मला. टॉवेलच्या किनारी सोडून काहीतरी केलं होतं मी."

तो तिच्याशी बोलत होता की स्वतःशी, कुणास ठाऊक. मला काय सुचलं माहीत नाही, मी मधे पडले. म्हणाले, "श्रीनिवास, हा गेम तुम्ही खेळायला बसला नसता तर आज इथं आलाच नसता. त्यानं त्याचं काम केलंय. आता तुम्ही तुमचं करा."

तो उठला. रिक्षा करून दोघं गेले. किल्ली संध्याकाळी त्याचा भाऊ येऊन घेऊन गेला.

एमआरआयचा रिपोर्ट सरांच्या फोनवर आला तेव्हा मी एका आजींचा नंबर काढत होते. सर दारात येऊन उभे राहिले आणि फोन माझ्यासमोर धरला. मला फिल्म वाचता येत नाही, पण ती वाचायची गरजच नव्हती. डोक्याच्या उजव्या बाजूला पांढरा गोळा. मोसंबीएवढा. मेंदू एका बाजूला सरकला होता. एवढं डोक्यात घेऊन हा माणूस कॉम्प्युटरवर टॉवेलच्या नक्षी काढत होता, पोरीला गाडीवर पुढं बसवून शाळेत नेत होता आणि तक्त्याची शेवटची ओळ वाचत होता. मी आजींना म्हणाले, "जरा थांबा हं," आणि पाणी प्यायला गेले.

मेंदूच्या सर्जननी सांगितलं, गाठ मेंदूची नाही, मेंदूवरच्या आवरणाची असावी. अशी गाठ वर्षानुवर्षं हळू वाढते. मेंदू सरकून जागा देत राहतो, म्हणून कळत नाही. पण आता द्यायला जागा उरली नव्हती. ऑपरेशन सोलापुरातच, त्याच आठवड्यात झालं. पहाटे नेलं, बाहेर यायला दुपार उलटली. लावण्यानं मला फोन केला तेव्हा आधी नुसती रडली. मला वाटलं, संपलं. मग म्हणाली, "शुद्धीवर आले, मॅडम. पोरीचं नाव घेतलं."

तपासणीत गाठ साधी निघाली. कॅन्सर नव्हता.

मी हॉस्पिटलमध्ये भेटायला गेले. डोक्याला पांढरं बँडेज, चेहरा सुजलेला. मला बघून त्यानं एक डोळा हातानं झाकला.

"करा की, मॅडम."

"आत्ता नको. आराम करा."

"करा. मला बघायचंय."

मी पलंगाच्या कडेला बसले. वरच्या डाव्या कोपऱ्यात बोटं धरली. तो माझ्या नाकाकडं बघत राहिला. काही नाही. मी बोटं हलवली. तो लहान मुलासारखा ओरडला, "काहीतरी हलतंय! किती ते कळत नाही. पण हलतंय!"

शेजारच्या पलंगावरचा माणूस उठून बसला.

पुढच्या काही महिन्यांत तो फील्ड टेस्टला येत राहिला. काळा चतकोर आधी करडा झाला. मग खालच्या बाजूनं उजळत गेला. पण पूर्ण गेला नाही. अगदी कोपऱ्यातला एक तुकडा राहिला, आणि आता तो राहणार. दाबलेली वायर सुटली, पण तिच्यातले काही धागे तुटलेलेच होते. जळका वास गेला. झटक्यांच्या गोळ्या चालू आहेत. गाडी भावाला दिली. पोरीला लावण्या स्कूटीवर सोडते. आधी तिला चालवता येत नव्हती, आता येते.

रविवारचा तो कार्यक्रम याच्याशिवायच झाला. बरं वाटल्यावर त्यानं चाहत्यांच्या पानावर सगळं लिहिलं. ज्यानं थट्टा केली होती, त्यानं आपली जुनी ओळ पुसली आणि माफी मागितली. श्रीनिवासनं त्याला कळवलं, पुसायला नको होतीस, तुझी ओळ वाचून तर मी रेकॉर्डिंग परत बघितलं.

मागच्या वेळी आला तेव्हा मी विचारलं, "खेळता का अजून?"

"खेळतो. शेवटची पातळी नाही जमत. कोपऱ्यातली एखादी गोळी लागतेच."

"वाईट वाटतं?"

"वाटतं की." जरा थांबून म्हणाला, "नक्षी बदलून सोपी करता येईल मला. कोड माझाच आहे. पण लोक तीच खेळतात, मग मी कशाला बदलू?"

मी आमच्या कामाच्या पद्धतीत एक बदल केला. नंबर काढून झाला की प्रत्येक पेशंटला चार कोपऱ्यांत बोटं दाखवते. अर्धं मिनिट लागतं. कुठं आपटता का, कुठं धडकता का, तेही विचारते, आणि ते सोबत आलेल्या माणसाला विचारते. कारण जे दिसत नाही त्याची तक्रार पेशंट करत नाही. त्याला ते नाही हेच माहीत नसतं. रांग लांबते म्हणून सर कुरकुरतात. बंद कर, असं मात्र अजून म्हणालेले नाहीत. आणि तक्त्याची शेवटची ओळ वाचली म्हणून आता मी कुणाला तुमची नजर चांगली आहे असं सांगत नाही. नंबर नाही, एवढंच सांगते.